सेंच्युरियनचे पत्रे घरी कापताना

सेंच्युरियन रणगाड्याच्या १:३५ प्रतिकृती-किटमधल्या बाजूच्या संरक्षक पट्ट्या साधारण एक मिलिमीटर जाड असतात. म्हणजे खऱ्या रणगाड्यावर पस्तीस मिलिमीटर! प्रत्यक्षात सेंच्युरियनच्या त्या पट्ट्या पाच-सहा मिलिमीटरचा पत्रा. डोळ्यांना नेमकं हेच खटकतं, म्हणून मी त्या घरी बनवायला घेतल्या.

मिळालेल्या आराखड्यावर १:३५ असं ठळक छापलेलं होतं. पट्ट्या कापल्या, कानस मारली, बिजागऱ्या लावल्या आणि बसवताना दोन्ही बाजूंना तोकड्या पडल्या. झेरॉक्स काढताना चित्र कागदाला बसवण्यासाठी आक्रसलं होतं. म्हणून सांगतो, छापील प्रमाणावर विसंबू नका. एक खात्रीचं माप धरा. सेंच्युरियनची रुंदी ३.३९ मीटर, म्हणजे या प्रमाणात सुमारे ९७ मिलिमीटर. आराखड्यावर व्हर्नियर ठेवा. तेवढी भरत नसेल तर आधी टक्केवारी काढा, मगच सुरी हातात घ्या.

पट्ट्यांसाठी शीतपेयाच्या कॅनचा पत्रा उत्तम. तो ०.१ मिलिमीटरच्या आसपास असतो आणि खऱ्यासारखा मुडपतो, कडेला पोचा पाडता येतो. मात्र प्लास्टिक जोडायचं पातळ सिमेंट त्याला धरत नाही. पत्र्याची पाठ वॉटर पेपरने खरवडा आणि सुपरग्लू टाचणीच्या टोकाने लावा. जाड भागासाठी प्लास्टिक शीटचे थर जोडायचे असतील तर सिमेंट कमीच वापरा. मधोमध अडकलेला द्रव बाहेर पडायला वेळ घेतो आणि रंग दिल्यावर पृष्ठभाग खचतो. असे थर रात्रभर वजनाखाली ठेवावेत. ओढायच्या दोरासाठी बाजारात काही शोधू नका. विजेच्या वायरमधल्या तांब्याच्या तारा पिळल्या की झालं.

एवढं करण्याआधी नेमका कोणता रणगाडा बनवायचा, ते ठरवा. सेंच्युरियनच्या आधीच्या काही प्रकारांवर वीस पौंडी तोफ होती, तिचा व्यास ८४ मिलिमीटर. नंतर १०५ मिलिमीटरची आली. प्रतिकृतीत नळीचं तोंड २.४ की ३ मिलिमीटर, इतका हा फरक. उदाहरणार्थ, १९७१ च्या डिसेंबरात भारत-पाक युद्धातल्या बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल पूना हॉर्स या रेजिमेंटच्या सेंच्युरियनमधून लढले आणि तिथेच धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. त्यांचा रणगाडा करायचा असेल तर किटच्या डब्यावरचं चित्र पुरेसं नाही, त्याच रणगाड्याची छायाचित्रं गोळा करा. माझ्या मते इथे अंदाजाने एकही भाग लावू नये.

अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात एकदा जाच. ओतीव पोलादाचा खडबडीतपणा आणि वेल्डिंगचे सांधे फोटोत समजत नाहीत.

आणि घरी काम करताना खिडकी उघडी ठेवा, घासणं पाण्यात करा, सिमेंटची बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नका.