काळ्या मोटारीवरची वर्तुळे

काळी मोटार ऐटदार दिसते खरी. पण रात्री ती रस्त्यावरच्या दिव्याखाली उभी केली की बॉनेटमधल्या दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती, कोळ्याच्या जाळ्यासारखी, बारीक वर्तुळे चमकू लागतात. कात्रजसारख्या घाटाच्या पायथ्याच्या, धुळीच्या भागात तर ती हमखास आढळतात. मग मालक गाडी धुणाऱ्याला बोल लावतो, "फडके गोल गोल फिरवलेस, म्हणून वर्तुळे पडली!" हा आरोप खरा आहे का?

प्रथम एक प्रयोग करू. घरातील जुने, पुष्कळ घासलेले स्टीलचे ताट घ्या. अंधाऱ्या खोलीत एकच दिवा लावून त्याचे प्रतिबिंब ताटात पाहा. भोवती वर्तुळे दिसतील. आता डोके हळूहळू बाजूला न्या. प्रतिबिंब सरकते आणि त्याबरोबर वर्तुळांचे केंद्रही सरकते! वर्तुळे ताटावर कोरलेली असती तर ती जागची हलली नसती.

मग ती येतात कोठून? पृष्ठभागावर सर्व दिशांना असंख्य बारीक ओरखडे असतात. प्रत्येक ओरखडा म्हणजे एक अरुंद खाच. तिच्यावर पडलेला प्रकाश खाचेच्या लांबीला काटकोनात, पंख्यासारखा पसरतो. त्यामुळे जे ओरखडे प्रतिबिंबापासून निघणाऱ्या रेषेला आडवे असतात, त्यांचाच प्रकाश आपल्या डोळ्यांत शिरतो. बाकीचे असूनही दिसत नाहीत. असे आडवे तुकडे म्हणजे प्रतिबिंबाभोवतीच्या वर्तुळांच्या स्पर्शिकाच! म्हणून फडके सरळ फिरवले काय किंवा गोल फिरवले काय, निरनिराळ्या दिशांचे ओरखडे साचले की वर्तुळे दिसणारच.

खरा अपराधी फडक्याखालची धूळ. कात्रजच्या डोंगराचा खडक बेसाल्ट. त्यातील फेल्डस्पार या खनिजाचे काठिण्य मोस मापक्रमात सुमारे ६, आणि धुळीत क्वार्ट्झचे कण असतील तर त्यांचे ७. गाडीच्या रंगावरचा पारदर्शक लॅकरचा थर त्यांच्यापुढे फारच मऊ.

पांढऱ्या गाडीवरही ओरखडे पडतात. पण पांढरा रंग स्वतःच भरपूर प्रकाश चहूकडे विखुरतो आणि त्यात ओरखड्यांचा क्षीण प्रकाश हरवून जातो. काळा रंग आत शिरलेला जवळजवळ सर्व प्रकाश शोषतो. सरळ पडलेल्या प्रकाशापैकी फक्त सुमारे ४ टक्के वरच्या पृष्ठभागावरून परत येतो. फळ्यावर खडूची बारीक रेघही उठून दिसते, तसाच हा प्रकार.

आता पॉलिश करणे म्हणजे काय ते पाहू. पुष्कळांना वाटते की ओरखडे 'भरले' जातात. मेणाने ते भरतात, पण तात्पुरते. मेण धुऊन गेले की ओरखडे पुन्हा हजर. रबिंग कंपाउंडमध्ये मात्र ॲल्युमिनियम ऑक्साइडसारख्या कठीण पदार्थाची बारीक पूड असते. ती ओरखड्याच्या आजूबाजूचा थर खरवडते आणि सारा पृष्ठभाग ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणते. नंतर अधिकाधिक बारीक पूड वापरतात. तिचेही ओरखडे पडतात. पण त्यांची खोली प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा, म्हणजे ०.४ ते ०.७ मायक्रोमीटरपेक्षा, बरीच कमी झाली की पृष्ठभाग आरशासारखा दिसतो.

म्हणजे चकाकी मिळते ती थराची जाडी खर्चून. हा थर साधारण ४० मायक्रोमीटरचा, आपल्या केसाहूनही पातळ! त्यातच उन्हातील अतिनील किरणांपासून रंगाचे रक्षण करणारी द्रव्ये असतात. थर फार झिजला की खालचा रंग उघडा पडतो. तो परत आणण्यास पॉलिश उपयोगी नाही, नव्याने रंगच द्यावा लागतो. नखाला अडकेल इतका खोल ओरखडा म्हणूनच पूर्ण घासून काढू नये.

तेव्हा कोरड्या फडक्याने धूळ पुसू नका. आधी भरपूर पाणी ओतून कण वाहून जाऊ द्या, मग साबणाच्या पाण्यात भिजवलेले मऊ कापड हलक्या हाताने फिरवा; आणि ते दुसऱ्या, स्वच्छ पाण्याच्या बादलीत वरचेवर खळबळा.

विचार करा : एका पॉलिशमध्ये ३ मायक्रोमीटर थर जातो आणि निदान २५ मायक्रोमीटर तरी शिल्लक ठेवायचा आहे. ४० मायक्रोमीटरच्या थरावर किती वेळा पॉलिश करता येईल?