भ्रमणध्वनीवरील उपयोजने आणि नेटिव्ह लायब्ररी

अंबरनाथजवळील पालेगावच्या एखाद्या शिक्षिकेने पाठ्यपुस्तकाच्या पानाचे छायाचित्र घ्यावे आणि तिच्या भ्रमणध्वनीने त्यातील मराठी मजकूर अक्षरांत उतरवून द्यावा, ही गोष्ट आता सहज शक्य आहे. त्यासाठी इंटरनेटचीही गरज पडत नाही. हे काम करणारी ‘टेसरॅक्ट’ ही आज्ञावली १९८० च्या दशकात ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत आकारास आली, २००५ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली आणि पुढे तिला मराठीही शिकविण्यात आली. इतक्या वर्षांचे हे श्रम नव्याने करण्याचे कारण नाही. ते आहेत तसे उपयोजनात, म्हणजे ॲपमध्ये, बसवून घेता येतात. मात्र हा सांधा कसा बसतो, हे ॲप स्वीकारणाऱ्या अधिकाऱ्यांना आणि पंचायत सदस्यांनाही थोडेफार ठाऊक असावयास हवे.

अँड्रॉइड ॲप सामान्यतः जावा किंवा कोटलिन भाषेत लिहितात. त्याचे आधी एका मधल्या भाषेत रूपांतर होते व फोनमधील यंत्रणा ते चालविते. त्यामुळे एकच ॲप निरनिराळ्या प्रोसेसरांवर चालते. टेसरॅक्टसारख्या आज्ञावल्या मात्र सी व सी++ भाषांतील आहेत. त्यांचे रूपांतर थेट विशिष्ट प्रोसेसरच्या आज्ञांत करावे लागते. अशा तयार संचास नेटिव्ह लायब्ररी म्हणतात. तो करण्याची ‘एनडीके’ ही साधने गूगलने २००९ मध्ये उपलब्ध केली. जावा आणि सी++ यांच्यामध्ये ‘जेएनआय’ नावाचा दुभाषा काम करतो.

मराठी वाचकाचा तर अशा लायब्ररीशी रोजचा संबंध आहे. पडद्यावर जोडाक्षरे जुळविण्याचे काम अँड्रॉइडमध्ये ‘हार्फबझ’ ही लायब्ररी करते. (नाव फारसी आहे; हर्फ म्हणजे अक्षर.) ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत गुरू कोण व स्वयंपाकी कोण, हे एका रकाराच्या आकारावर ठरते. फोनच्या पडद्यावर हा फरक बिनचूक दिसतो. पण त्याच ॲपमधून दाखल्याचे पीडीएफ काढले, की वेलांटी पुढे सरकते, जोडाक्षर फुटते. कारण पीडीएफ करणारा भाग वेगळा असतो, आणि जुळणीचे ज्ञान त्यास असेलच असे नाही. नावात असा दोष राहिलेला दाखला पुढच्या कचेरीत अडतो. सबब, चाचणीच्या वेळी पडद्याबरोबर छापील प्रतही पाहावी, आणि तीही ‘ऱ्य’ असलेल्या आडनावांची.

दुसरी अडचण फोनच्या जातीची. नेटिव्ह लायब्ररी ३२ बिटांच्या आणि ६४ बिटांच्या प्रणालींसाठी स्वतंत्र तयार करावी लागते. गूगलच्या प्ले स्टोअरने १ ऑगस्ट २०१९ पासून ६४ बिटांची आवृत्ती सक्तीची केली. म्हणून काही विकासक तेवढीच देतात आणि ॲपचा आकारही वाचवितात. परंतु स्वस्त फोनांत पुष्कळदा प्रोसेसर ६४ बिटांचा असूनही प्रणाली ३२ बिटांची असते. अशा फोनवर ते ॲप बसतच नाही. अनेक लायब्रऱ्यांपैकी एकीचीच ३२ बिटांची प्रत राहून गेली असेल, तर प्रकार अधिक फसवा होतो: ॲप बसते, उघडते आणि नेमक्या त्या कामाच्या वेळी बंद पडते. अधिकाऱ्याच्या नव्या फोनवरील प्रात्यक्षिकात यातील काहीच दिसत नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीने शेतकऱ्याच्या हातातला फोन हे महसुली नोंदीचे साधन केले. तेव्हा जुन्या, स्वस्त फोनवरील चाचणी हीच खरी चाचणी होय.

खरेदीच्या वेळी सर्वांत कमी विचारला जाणारा प्रश्न देखभालीचा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये चित्रे उलगडणाऱ्या ‘लिबवेबपी’ या लायब्ररीत सुरक्षेचा गंभीर दोष आढळला. ज्या ज्या ॲपने तिची स्वतःची प्रत बाळगली होती, त्या प्रत्येकास ती बदलणे भाग होते. पुढे १ नोव्हेंबर २०२५ पासून प्ले स्टोअरने अँड्रॉइड १५ व त्यापुढील प्रणालींसाठीच्या नव्या ॲपना व सुधारणांना स्मृतीची १६ किलोबाइटची पाने मानवतील अशी अट घातली. पूर्वी ही पाने ४ किलोबाइटची गृहीत धरली जात. निव्वळ जावा-कोटलिनमधील ॲपला या अटीने फरक पडत नाही. नेटिव्ह लायब्ररी मात्र पुन्हा तपासावी, बहुधा नव्याने तयारही करावी लागते. त्यासाठी मूळ आज्ञावली हाती हवी. पुरवठादाराने केवळ तयार संच दिला असेल आणि करार संपला असेल, तर चालते ॲप अडगळीत जाते. मूळ आज्ञावलीचा ताबा हे कलम करारात नसेल, तर माझ्या मते त्या करारावर सही करू नये.

प्रत्येक ॲपला नेटिव्ह लायब्ररी हवीच, असे मात्र नाही. हजेरी, तक्रार, पाणीपट्टी यांसारख्या साध्या नोंदींना तिची गरज नसते. माहिती साठविणारी ‘एसक्यूलाइट’ तर अँड्रॉइडमध्ये मुळातच आहे. शिवाय नेटिव्ह भागातील चूक बहुधा संपूर्ण ॲप बंद पाडते. गती हवी असेल किंवा टेसरॅक्टसारखे तयार काम वापरावयाचे असेल, तेव्हाच हा मार्ग धरावा.

पुरवठादाराने काय दिले आहे, हे पाहणे अवघड नाही. ‘एपीके’ फाइल ही वस्तुतः झिप फाइलच असते. शाळेच्या संगणकावर तिची प्रत करून नावाच्या शेवटी ‘झिप’ लिहावे व ती उघडावी. आत ‘लिब’ नावाचा कप्पा नसेल, तर ॲपमध्ये सहसा नेटिव्ह लायब्ररी नाही. असेल, तर त्यात ‘आर्म६४-व्ही८ए’ व ‘आर्मईएबीआय-व्ही७ए’ असे दोन्ही उपकप्पे आहेत का, आणि दोहोंत त्याच नावांच्या फाइली आहेत का, हे ताडून पाहावे.