पंगतीतली कुरकुर कोणाची?

आजचं वाचन: प्रेषितांची कृत्ये ६:१-७, सोबत १ पेत्र ४:९



चर्चमध्ये मोठा मेळावा असला की स्वयंसेवकांच्या ग्रुपवर १ पेत्र ४:९ हमखास येतं. पाहुणचार करा, पण कुरकुर नको, असं पेत्र सांगतो. आपण त्याचा अर्थ लावतो: पाय दुखले तरी हसत वाढा. बरोबरच आहे. पण कुरकुरीसाठीचा मूळ ग्रीक शब्द, गोंगुस्मोस, कृत्ये ६:१ मध्येही आहे. आणि तिथे कुरकुर वाढणाऱ्यांची नाहीये. ज्यांच्यापर्यंत ताट पोचलंच नाही त्यांची आहे.

यरुशलेमची मंडळी झपाट्याने वाढत होती. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवा सुटत होत्या, इब्री बोलणाऱ्यांना मिळत होतं. कोणी मुद्दाम केलं असं लूक म्हणत नाही. माणसं वाढली आणि व्यवस्था जुनीच राहिली, की असं होतं. ओळखीच्या माणसाला आपण हाक मारतो. अनोळखी भाषेतला माणूस कोपऱ्यात बसून राहतो.

बारा प्रेषितांनी 'तक्रार करू नका' म्हटलं नाही. सात जण निवडायला लावले. त्यांची नावं वाचा: स्तेफन, फिलिप्प, निकानोर, तीमोन... सातही ग्रीक! (नुसत्या नावावरून भाषा ठरत नाही, बारांतही अंद्रिया आहेच. पण सातच्या सात?) मला तरी दिसतं ते असं की ज्यांची माणसं सुटत होती, त्यांच्याच हातात वाटप दिलं.

आता आपल्याकडे बघा. १९८२ पर्यंत चंद्रपूर-गडचिरोली एकच जिल्हा होता. सिरोंच्याकडे तेलुगू, भामरागड-एटापल्लीत माडिया, मुलचेऱ्याकडे बंगाली, बल्लारपुरात मराठीबरोबर हिंदीही. सिरोंच्याहून बल्लारपूर म्हणजे आलापल्ली, आष्टी, गोंडपिपरी करत जवळपास दोनशे किलोमीटर. इतका जंगलरस्ता तुडवून माणूस येतो आणि माईकवर सूचना फक्त मराठीत.

एका मेळाव्यात मी हे पाहिलं. जेवणाची पंगत ऐनवेळी हॉलच्या मागे हलवली, माईकवर दोनदा सांगितलंही. एक तेलुगू गट मात्र गाडीजवळच बसून होता. शेवटी एका मावशींनी हाताने खूण करून विचारलं, जेवले का? तोवर वरण संपलं होतं, भातच उरला होता. कोणी काही बोललं नाही. असली कुरकुर ऐकूही येत नाही, पुढच्या वर्षी गाडीच येत नाही.

म्हणून स्वयंसेवकांची यादी करताना 'आपली नेहमीची पोरं' एवढ्यावर थांबू नका. नोंदणीच्या टेबलावर सिरोंच्याचा एक दादा, पंगतीत माडिया बोलणारी एक ताई हवी. आणि त्यांना नुसतं दुभाषी करू नका. भात कुठे आधी जाणार हे ठरवायचा अधिकारही द्या. सातांना तोच तर मिळाला होता.

अजून एक. रोजच्या वाटपाला लूक जो शब्द वापरतो, डायकोनिया, तोच चौथ्या ओवीत वचनाच्या सेवेलाही वापरतो. म्हणजे स्टेजवरचा पास्टर आणि बादली घेतलेला वाढपी, दोघांच्या कामाला शब्द एकच. आणि शिष्यांची संख्या फार वाढली, हे सातव्या ओवीत येतं, वाटपाचा प्रश्न सुटल्यावर.

आमची बैठक शनिवारी आहे. यादीत सध्या अकरा नावं आहेत, सगळी शहरातली. आज संध्याकाळी आलापल्लीकडे दोन फोन लावतोय. प्रार्थनेत आठवण ठेवा.