सर्वांचे एकच दप्तर

मुलांनो, 'दप्तर' हा शब्द तुम्हांला नवा नाही. उर्दूत 'दफ्तर' म्हणजे कचेरी. मराठीत मुले रोज पाठीवर घेऊन शाळेत येतात, ती पुस्तकांची पिशवी म्हणजे दप्तर. पण मराठीत या शब्दाचा जुना अर्थही अजून जिवंत आहे. महत्त्वाचे कागद जिथे सांभाळून ठेवतात, त्या जागेलाही दप्तर म्हणतात. पेशव्यांच्या काळातील लाखो कागद पुण्यात आजही जपून ठेवलेले आहेत. त्या संग्रहाचे नावच 'पेशवे दप्तर' असे आहे. तेथे कागद कापडात बांधून ठेवत. अशा गाठोड्याला 'रुमाल' म्हणत. ज्याला कागद पाहायचा असेल, त्याने दप्तरात जावे, रुमाल सोडावा, कागद वाचावा आणि पुन्हा बांधून ठेवावा. कागद एकच, वाचणारे मात्र अनेक.

आज हेच काम संगणक करतो. संगणकातील 'फोल्डर' म्हणजे एक प्रकारचा रुमालच होय. एकाच फोल्डरमधील कागद अनेक संगणकांवरून पाहता आले तर किती सोय होईल! ही सोय कशी करतात, ते या पाठात पाहू.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला. धानोरा हे गडचिरोली जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. चारी बाजूंना जंगल. समजा, येथील एका शाळेत तीन संगणक आहेत. एक मुख्याध्यापकांच्या खोलीत, दुसरा लिपिकाच्या टेबलावर आणि तिसरा संगणक कक्षात. विद्यार्थ्यांच्या नावांची यादी तिन्ही संगणकांवर आहे. एका मुलीची जन्मतारीख चुकली होती. लिपिकाने जन्मदाखला पाहून आपल्या यादीत ती दुरुस्त केली. परंतु संगणक कक्षातील यादीत जुनीच तारीख राहिली. शिष्यवृत्तीचा अर्ज त्याच यादीवरून भरला गेला. अर्जावर एक तारीख आणि दाखल्यावर दुसरी! अर्ज परत आला. तोपर्यंत मुदत संपली होती. सांगा बरे, चूक कोणाची? मुलीची तर नक्कीच नाही. लिपिकानेही आपले काम नीट केले होते. एकाच यादीच्या तीन नकला होत्या, हेच चुकीचे मूळ होते.

यावर उपाय एकच. यादी एका संगणकावर ठेवावी आणि इतर संगणकांनी तीच यादी उघडावी. त्यासाठी तिन्ही संगणक एकमेकांना तारेने किंवा वायफायने जोडावे लागतात. अशा जोडणीला 'नेटवर्क' म्हणतात. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. शाळेच्या आतील नेटवर्कला इंटरनेट लागत नाही. बाहेरचे इंटरनेट बंद पडले, तरी एका खोलीतील संगणक दुसऱ्या खोलीतील संगणकाशी बोलू शकतो. जंगलातील गावांना ही फार उपयोगाची गोष्ट आहे.

आता प्रत्यक्ष कृती पाहू. ती विंडोज असलेल्या संगणकासाठी आहे.

पहिले काम ज्या संगणकावर यादी आहे, तेथे करायचे. त्याला आपण मुख्य संगणक म्हणू. त्याचे नाव 'शाळा' आणि फोल्डरचे नाव 'नोंदी' आहे असे समजा. (प्रत्यक्षात ही नावे लहान आणि इंग्रजी अक्षरांत ठेवणे सोयीचे असते.) फोल्डरवर माऊसचे उजवे बटण दाबा. 'प्रॉपर्टीज' निवडा. त्यात 'शेअरिंग' या भागात जाऊन 'शेअर' हे बटण दाबा. आता कोणाला परवानगी द्यायची, ते संगणक विचारतो. परवानगी दोन प्रकारची असते. 'रीड' म्हणजे फक्त वाचण्याची आणि 'रीड-राइट' म्हणजे वाचण्याची व बदलण्याची. लिपिकाला दुसरी परवानगी द्यावी. संगणक कक्षाला पहिली पुरेशी आहे.

दुसरे काम दुसऱ्या संगणकावर करायचे. 'धिस पीसी' उघडा. तेथील यादीतून 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह' निवडा. संगणक एक अक्षर मागतो. पूर्वी 'ए' आणि 'बी' ही अक्षरे फ्लॉपीसाठी असत. संगणकाची स्वतःची डिस्क 'सी' या अक्षराने ओळखतात. म्हणून आपण शेवटचे अक्षर 'झेड' घेऊ. नंतर फोल्डरचा पत्ता लिहायचा. आधी दोन उलट्या तिरप्या रेघा, मग संगणकाचे नाव, मग एक उलटी तिरपी रेघ आणि शेवटी फोल्डरचे नाव. पत्रावर जसे आधी गाव आणि मग घर शोधतात, तसेच हे आहे.

त्याखाली 'रीकनेक्ट ॲट साइन-इन' असे लिहिलेला लहानसा चौकोन असतो. त्यात बरोबरची खूण करा. या पाठातील सर्वांत महत्त्वाची खूण हीच! ती केली नाही, तर जोडणी त्या दिवसापुरतीच राहते. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला, की 'झेड' नाहीसा होतो. खूण केली, तर संगणक रोज आपणहून फोल्डरशी नाते जोडतो. शेवटी 'फिनिश' दाबा. संगणक मुख्य संगणकावरील खात्याचे नाव व पासवर्ड विचारेल. ते लिहून 'रिमेंबर माय क्रेडेन्शियल्स' या चौकोनातही खूण करा. म्हणजे ते रोज लिहावे लागणार नाहीत. झाली जोडणी कायम!

'कायम' हा शब्द उर्दूतही आहे. पण येथे 'कायम' म्हणजे कधीच न तुटणारी असे नव्हे. पावसाळ्यात तारेवर झाड पडते, वीज जाते, मुख्य संगणक बंद होतो. मग 'झेड'वर लाल फुली दिसते. अशा वेळी घाबरू नये. क्रमाने तपासावे. मुख्य संगणक चालू आहे का? तो झोपेच्या अवस्थेत तर गेला नाही ना? तार नीट बसली आहे का? दोन्ही संगणक एकाच नेटवर्कवर आहेत का? कोणी संगणकाचे नाव किंवा पासवर्ड बदलला आहे का? बहुतेक वेळा यांपैकीच एक कारण सापडते.

वेगवेगळ्या प्रकारचे संगणकही असा फोल्डर वाटून घेऊ शकतात. विंडोज संगणक ज्या नियमांनी फोल्डर वाटून घेतात, त्या नियमांना 'एस्-एम्-बी' म्हणतात. १९९२ च्या सुमारास अँड्र्यू ट्रिजेल या ऑस्ट्रेलियातील विद्यार्थ्याने हेच नियम पाळणारा प्रोग्रॅम इतर संगणकांसाठी तयार केला. पुढे त्याला नाव हवे होते. एस्, एम् आणि बी ही अक्षरे क्रमाने येणारा शब्द त्याने शब्दसूचीत शोधला आणि 'साम्बा' हे नाव सापडले. त्यामुळे लिनक्स असलेला संगणकही विंडोजचा फोल्डर उघडू शकतो.

एकाच ठिकाणची नोंद अनेक ठिकाणी वाचता यावी, ही कल्पना आपल्या राज्यात मोठ्या प्रमाणावरही करून पाहिली गेली. १९९८ साली वारणानगरच्या परिसरातील सत्तर गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. आपल्या उसाचे वजन किती भरले आणि पैसे किती झाले, हे शेतकऱ्याला गावातच कळावे, हा त्याचा एक हेतू होता. पुढे काही गावांत संगणकाऐवजी मोबाइल संदेशांचा प्रयोगही झाला. साधन बदलले, गरज मात्र तीच राहिली.

सामाईक वस्तू सांभाळायची तर नियम हवेत. याचे उदाहरण धानोरा तालुक्यातच आहे. मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावाला २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. जंगलातून काय आणायचे, किती आणायचे आणि केव्हा आणायचे, हे ग्रामसभा ठरवते. निर्णय बहुमताने नव्हे, तर सर्वांच्या संमतीने होतात. जंगल सर्वांचे आहे, म्हणूनच ते कोणी मनाला येईल तसे तोडत नाही.

सामाईक फोल्डरचेही तसेच आहे. 'झेड'वरील फाइल कोणी पुसली, तर ती आपल्या संगणकाच्या 'रिसायकल बिन'मध्ये जात नाही. ती सरळ नाहीशी होते. म्हणून गरजेपेक्षा जास्त परवानगी कोणाला देऊ नये. पासवर्ड कागदावर लिहून भिंतीला चिकटवू नये. आणि आठवड्यातून एकदा संपूर्ण फोल्डरची नक्कल वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क काढून कपाटात ठेवावी. जून २०१७ मध्ये एक घातक व्हायरस नेटवर्कमधून एका संगणकातून दुसऱ्यात शिरत जगभर पसरला. न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामही त्यामुळे ठप्प झाले होते. ज्या वाटेने आपले कागद जातात, त्याच वाटेने रोगही येऊ शकतो. कपाटातील डिस्कपर्यंत मात्र ती वाट पोहोचत नाही.

तुम्ही म्हणाल, आधी नकला नकोत म्हटले आणि आता नक्कल घ्या म्हणता! फरक समजून घ्या. काम करण्यासाठी यादी एकच असावी. संकटासाठी तिची नक्कल वेगळी जपावी. दप्तरातील प्रत्येक नोंदीमागे एक मूल असते. त्याची जन्मतारीख, त्याचे गुण, त्याचा दाखला त्यात असतो. नोंद नीट राहिली, तर त्याची पुढची वाट मोकळी राहते.

शब्दार्थ

सामाईक – सर्वांच्या मालकीचे
नक्कल – मूळ कागदासारखा दुसरा कागद
लिपिक – कचेरीत लिहिण्याचे काम करणारा
मुदत – ठरवून दिलेला काळ
संमती – मान्यता, होकार
ठप्प होणे – पूर्णपणे बंद पडणे
दाखला – अधिकृत प्रमाणपत्र (उर्दूत 'दाखिला' म्हणजे प्रवेश; मराठीतील अर्थ वेगळा आहे.)

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पेशवे दप्तरातील कागदांच्या गाठोड्याला काय म्हणत?
(आ) मुलीचा अर्ज परत का आला?
(इ) परवानगीचे दोन प्रकार कोणते?

प्रश्न २. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) जोडणी कायम राहावी म्हणून कोणत्या दोन खुणा कराव्या लागतात?
(आ) 'झेड'वर लाल फुली दिसली, तर काय काय तपासाल?
(इ) मेंढा (लेखा) येथील जंगल आणि सामाईक फोल्डर यांत कोणते साम्य आहे?

प्रश्न ३. कंसातील योग्य शब्द निवडून गाळलेल्या जागा भरा. (नियम, इंटरनेट, नक्कल)
(अ) शाळेच्या आतील नेटवर्कला ........ लागत नाही.
(आ) सामाईक वस्तू सांभाळायची तर ........ हवेत.
(इ) फोल्डरची ........ वेगळ्या डिस्कवर ठेवावी.

प्रश्न ४. पुढील शब्द उर्दूतही आहेत. त्यांचा मराठीत वाक्यांत उपयोग करा.
कायम, हक्क, मुदत, परवानगी

उपक्रम : 'दाखला' या शब्दाप्रमाणे मराठीत आणि उर्दूत अर्थ वेगळे असलेले पाच शब्द शोधा व वहीत लिहा.