कापरेकर गुरुजींची डेम्लो संख्या

१२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या कुठूनही वाचा, सारखीच! १११११११११ चा हा वर्ग. ११ चा १२१, १११ चा १२३२१, तसाच. नऊ एकांची बेरीज ९, म्हणून त्या संख्येला ९ ने भाग जातो आणि वर्गाला ८१ ने.

देवळालीला शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांना अशा संख्यांची कल्पना डेम्लो स्टेशनावर सुचली, म्हणून हे नाव. डेम्लो म्हणजे आजची डोंबिवली.

मी दादाशी पैज लावली, दहा वेळा १ घेतला तरी असंच येणार. पाटी भरून गुणाकार केला. मधल्या घराची बेरीज १० झाली, हातचा आला अन् सगळी रांग बिघडली: १२३४५६७९००९८७६५४३२१! दोनदा तपासलं, तेच. दादाला खिसाभर बोरं द्यावी लागली.