जुनी व्हॅन, परका मुलूख

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातून मेक्सिकोत मोटारीने जाणाऱ्या प्रवाशांत जुन्या फोक्सवॅगन व्हॅनचे शौकीन आढळतात. ही व्हॅन जन्माने जर्मन. मात्र तिचे पहिले रेखाटन १९४७ साली बेन पॉन या डच मोटार-व्यापाऱ्याने केले. १९५० पासून तिचे उत्पादन सुरू झाले. अशी गाडी सीमेपार नेणे हौसेचे असले, तरी त्यासाठीची पूर्वतयारी हौसेवर सोडून चालत नाही.

या व्हॅनचे इंजिन मागच्या बाजूस असते आणि ते पाण्याने नव्हे, तर हवेने थंड होते. रेडिएटर नसल्यामुळे पाणी उकळण्याची भीती नाही, हे खरे; परंतु इंजिनावर वारा घालणारा पंखा केवळ एका रबरी पट्ट्याच्या आधारावर फिरतो. जनरेटरही त्याच पट्ट्यावर चालतो. पट्टा तुटताच चालकासमोरचा तांबडा दिवा लागतो. ‘बॅटरीचे काहीतरी असेल’ असे समजून गाडी तशीच दामटली, तर थोड्याच अंतरात इंजिन निकामी होते. म्हणून जादा पट्टा आणि तो बसवण्याचा पाना गाडीत हवाच. शिवाय तो बसवण्याचा सराव घरीच केलेला बरा.

याहून गंभीर धोका पेट्रोलच्या नळ्यांचा. रबर वर्षानुवर्षे तापून कडक होते, त्याला भेगा पडतात आणि पेट्रोल तापलेल्या इंजिनावर ठिबकू लागते. इंजिनाचे कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असते. ते एकदा पेटले की पाण्याने विझत नाही, उलट अधिकच भडकते. नळ्या वरून धडधाकट दिसल्या तरी प्रवासापूर्वी त्या सर्वच बदलणे शहाणपणाचे. त्या मानाने तेल बदलणे किंवा इंजिन थंड असताना व्हॉल्व्हची फट तपासणे ही नेहमीची कामे होत.

सीमेवर कागदपत्रांची परीक्षा होते. अमेरिकेतील विमा मेक्सिकोत दायित्वापुरता ग्राह्य धरत नाहीत. तेथील स्वतंत्र विमा घ्यावा लागतो. बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पात वाहन-परवाना लागत नाही. मुख्य भूमीवर सीमापट्टा ओलांडून पुढे जायचे, तर मात्र तात्पुरत्या आयातीचा परवाना काढून अनामत रक्कम भरावी लागते. मुदतीत गाडी परत नेली नाही, तर अनामत बुडते.

एका बाबतीत हा देश या व्हॅनला सासर न वाटता माहेर वाटावा. पुएब्ला येथील कारखान्यात याच घराण्यातील ‘बीटल’ मोटार २००३ पर्यंत तयार होत होती. साहजिकच हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची नस ओळखणारे कारागीर तेथे अनेक ठिकाणी भेटतात. महामार्गांवर ‘हिरवे देवदूत’ या नावाने ओळखले जाणारे सरकारी मदत-पथकही फिरत असते.

रात्रीचा प्रवास मात्र टाळावा. गावांच्या वेशीवर ‘तोपे’ नावाचे उंच गतिरोधक असतात, कधी रस्त्यावर गुरे बसलेली असतात; आणि साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या व्हॅनचे ६ व्होल्टचे दिवे फार दूरवर पोहोचत नाहीत.