कोल्टची प्रतिकृती आणि बिदरचा काळा रंग

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत असतो. त्यानं इटलीत तयार झालेली जुन्या कोल्ट रिव्हॉल्व्हरची प्रतिकृती घेतली असून ती हुबेहूब अस्सलसारखी करण्यात तो गढून गेला आहे. नव्या वस्तूला असं जुनं रूप देतात कसं? आणि आपले बिदरचे कारागीर देतात तो काळा रंग तिच्यावर चढेल का?
– एक वाचक, बसवकल्याण

उत्तर : भाच्याकडे बहुधा कोल्टच्या १८५१च्या ‘नेव्ही’ची प्रतिकृती असावी. इटलीतल्या गार्दोने वाल त्रोम्पियात उबेर्ती हा कारखाना १९५९पासून अशी रिव्हॉल्व्हरं बनवतो. माप जुळतं, फरक राहतो तो बाह्यरूपात. नव्याची मूठ लालसर, जाड वार्निशनं चकाकणारी असते. हौशी लोक ते वार्निश खरवडून अक्रोडाच्या लाकडात जवसाचं तेल मुरवतात. नळीवरचा एकसारखा निळा-काळा रंग उतरवून जुन्या पद्धतीचा चढवतात. मधल्या सांगाड्यावर ढगांसारख्या निळ्या-करड्या छटा हव्यात. मूळ कारखान्यात त्या हाडांच्या कोळशात सांगाडा तापवून आणत. आणि गोळ्यांच्या फिरत्या चक्रावर एक आरमारी लढाई कोरलेली असते : १६ मे १८४३ची, टेक्सास आणि मेक्सिकोच्या जहाजांची. जाणकाराची नजर आधी त्या जहाजांवर जाते.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जो मला जास्त आवडला. पोलादावर बिदरीचा रंग चढणार नाही. बिदरीची वस्तू लोखंडाची नसतेच. ती जस्तात थोडं तांबं मिसळून ओततात. घासून साफ केल्यावर तिला मोरचुदाचं पाणी लावून तात्पुरतं काळं करतात, म्हणजे नक्षीची रेघ डोळ्यांना दिसते. मग छिन्नीनं खाच काढून तीत चांदीची तार ठोकून बसवतात. शेवटी वस्तू गरम करून तिच्यावर नवसागर आणि बिदरच्या किल्ल्यातली माती यांचा लेप चोळतात. ही माती ऊन-पाऊस न लागलेल्या जागेची लागते, आणि जुने कारागीर ती जिभेवर ठेवून पारखतात. लेपानं धातू कायमचा काळा होतो, चांदी मात्र पांढरीच राहते. ही किमया मिश्रणातल्या तांब्याची. जस्ताशिवाय हे घडत नाही, आणि नुसत्या जस्तावरही तो गडद काळा उमटत नाही. भिंतीवर टांगायच्या, न चालणाऱ्या शोभेच्या काही प्रतिकृती जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात. पण तिथंही मिश्रण वेगळं असल्यानं बिदरचा रंग मिळेल अशी आशा धरू नका.

या दोन कलांची गाठ मात्र एकदा पडली होती. १८५१ साली लंडनच्या भव्य प्रदर्शनात सॅम्युएल कोल्टनं आपली रिव्हॉल्व्हरं मांडली, आणि त्याच काचेच्या महालात हिंदुस्थानी दालनात बिदरीची भांडीही होती. कोल्टचा अभिमान एकाच मापाच्या, यंत्रानं कापलेल्या सुट्या भागांचा. बिदरीचा एकेक तार हातानं ठोकण्याचा. आज भाचा यंत्राच्या मालावर हाताची मेहनत घेतोय, हे मला मनापासून आवडतं.

पण एक गोष्ट त्याला जरूर सांगा. आजच्या इटालियन कारखान्याचे शिक्के आणि चाचणीच्या खुणा घासून टाकल्या, की हौस संपते आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या फसवणुकीची सोय सुरू होते. भाच्याच्या मनात तसं काही नसेल. पण वस्तू माणसाच्या हयातीनंतरही हात बदलत राहते. रूप कितीही जुनं द्यावं, खुणा शाबूत ठेवाव्यात, आणि मुठीच्या आतल्या बाजूला आपलं नाव व साल कोरावं.

आणि भेट म्हणून ती इकडं पाठवायला सांगू नका. दारू ठासून चालणाऱ्या अशा प्रतिकृतीला अमेरिकेचा केंद्रीय कायदा बंदूक मानत नाही. आपल्याकडं १९५९च्या शस्त्र अधिनियमाखाली ती बंदूकच ठरते. दुरुस्त करूनही चालणार नाही अशा कालबाह्य जुन्या शस्त्राला त्याच कायद्यात सूट आहे, पण नव्या, चालत्या प्रतिकृतीला ती लागू होत नाही. त्याच्याकडून फोटो मागवा, चक्रावरच्या जहाजांचा तर अगदी जवळून.